फ्लेव्हियन घराण्याची सत्तावीस वर्षे



रोमन बादशहा म्हटला की आपल्यापुढे दोन नावे चटकन उभी राहतात. एक ज्यूलियस सीझरचे, आणि तो तर बादशहा नव्हताच. दुसरे नीरोचे, कारण रोम जळत असता तो फिडल वाजवीत बसला होता, हे वाक्य आपण मराठी वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांतून इतक्या वेळा वाचले आहे की त्या काळी फिडल नावाचे वाद्यच नव्हते, हे सांगूनही कोणाला पटत नाही. आज मी नीरोनंतर आलेल्या घराण्याविषयी बोलणार आहे. बाप आणि त्याचे दोन मुलगे, एवढाच त्याचा विस्तार. इ. स. ६९ मध्ये ते गादीवर आले आणि ९६ मध्ये संपले. पण रोमला जाऊन आलेला प्रवासी घरी आल्यावर ज्या इमारतीचे चित्र आपणांस प्रथम दाखवितो, ते कलोसियम याच घराण्याने बांधले. आपल्या देशातील मिरी रोमच्या भर बाजारपेठेत ज्या वखारीत साठविली जात, ती वखारही यांचीच. तिच्याकडे मी पुढे येईन.

६८ च्या जूनमध्ये नीरोने आत्महत्या केली. ऑगस्टसपासून तोपर्यंत सुमारे शंभर वर्षे रोमची सत्ता एकाच कुळात होती. गंमत अशी की, या शंभर वर्षांत बापाच्या मागून पोटचा मुलगा गादीवर आला असे एकदाही घडले नाही. कोणी दत्तक, कोणी पुतण्याचा मुलगा, कोणी चुलता. पण सीझरच्या घराचा असा काही धागा प्रत्येकापाशी होता. नीरो निपुत्रिक मेला आणि तो धागा तुटला. आता बादशहा व्हावयाचे तर कोणी, आणि कोणत्या अधिकाराने? त्या प्रश्नाचे उत्तर सैन्याने दिले, आणि एकदा नव्हे, चारदा दिले. स्पेनमधून म्हातारा गॅल्बा आला. ६९ च्या जानेवारीत त्याला भर चौकात मारले. ओथो आला, तीन महिन्यांत लढाई हरून त्याने स्वतःला खंजीर मारून घेतला. ऱ्हाइनकाठच्या पलटणींनी विटेलियसला आणले. डिसेंबरात त्याला रस्त्यातून फरफटत नेऊन ठार केले. बादशहा रोमच्या बाहेरही करता येतो, हे साम्राज्याचे गुपित त्या वर्षी फुटले, असा टॅसिटस या इतिहासकाराचा अभिप्राय आहे. ज्याला हे गुपित सर्वांत शेवटी आणि सर्वांत नीट उमगले, तो व्हेस्पॅशियन.

हा मनुष्य कोण होता? रोमच्या ईशान्येस सॅबाइन डोंगरपट्टीत रिएटे गावाजवळ ९ साली त्याचा जन्म झाला. बाप आशिया प्रांतात जकात वसूल करणारा. त्याचा व्यवसाय नावडता असूनही तेथील शहरांनी त्याचे पुतळे उभारले आणि त्यांवर तो प्रामाणिक वसूलदार असल्याचे लिहिले, असे स्युटोनियस सांगतो. पुढे त्याने हेल्व्हेशियन लोकांत, म्हणजे आजच्या स्वित्झर्लंडात, सावकारी केली. थोडक्यात, ज्याच्या घरात पूर्वजांचे मेणाचे मुखवटे टांगलेले नाहीत असे हे घर. व्हेस्पॅशियन बादशहा झाल्यावर काही हुशार मंडळींनी त्याची वंशावळ थेट हर्क्युलिसच्या एका सोबत्यापर्यंत नेऊन भिडविली. अशी मंडळी कोणत्याही देशात कमी नसतात. पण आपल्याकडे असा वंशवृक्ष राजाने मान्य करून वर दक्षिणा दिली असती. व्हेस्पॅशियन मात्र पोट धरून हसला.

त्याचे पूर्वायुष्यही हसण्याजोगेच होते. तो शहराच्या रस्त्यांचा अधिकारी असता रस्ते घाण राहिले, म्हणून वेडा बादशहा कॅलिग्युला याने त्याच्या अंगावरच्या झग्यात चिखल भरावयास लावला. आपल्या नगरपालिकांच्या सभासदांनी ही गोष्ट ऐकून ठेवावी. ४३ साली ब्रिटनवरच्या स्वारीत त्याने एका लीजनचे, म्हणजे मोठ्या पलटणीचे, उत्तम नेतृत्व केले. पुढे आफ्रिकेची सुभेदारी केली आणि तेथून इतक्या कोऱ्या हातांनी परत आला की त्याला खेचरांचा व्यापार करावा लागला. लोक त्याला खेचरवाला म्हणू लागले. सुभेदारी करून गरीब होणारा रोमन हा दुर्मिळच. नीरो ग्रीसमध्ये गायनाचे कार्यक्रम करीत हिंडत होता, तेव्हा हा गृहस्थ मैफलीतून उठून जाई, नाहीतर बसल्या जागी डुलक्या घेई. त्याबद्दल त्याला दरबार बंद झाला. पण ६६ साली ज्यूडियात ज्यू लोकांनी बंड केले, आणि नीरोला असा सेनापती हवा होता की जो लढेल पण ज्याच्या घराण्याची भीती बाळगावयास नको. क्षुद्र कुळ हीच व्हेस्पॅशियनची शिफारस ठरली.

६९ च्या १ जुलै रोजी अलेक्झांड्रियातील फौजेने त्याला बादशहा म्हणून पुकारले. इजिप्तचा सुभेदार त्याच्या बाजूचा, सीरियाचा सुभेदार त्याच्या बाजूचा. रोमच्या धान्याचा मोठा हिस्सा इजिप्तमधून येई. ज्याच्या हाती अलेक्झांड्रिया बंदर, त्याच्या हाती रोमचे पोट. व्हेस्पॅशियन तेथेच थांबला आणि लढाई त्याच्या सरदारांनी केली. रोमची किंमत मात्र रोमने दिली. क्रेमोना शहर लुटून जाळले गेले. कॅपिटॉल टेकडीवरचे ज्युपिटरचे देऊळ भस्म झाले. व्हेस्पॅशियनचा थोरला भाऊ सॅबिनस मारला गेला, आणि अठरा वर्षांचा धाकटा मुलगा डोमिशियन इसिस देवीच्या पुजाऱ्यांत वेषांतर करून निसटला. त्या रात्रीची आठवण या पोराच्या मनात कायमची राहिली असेल असे मला वाटते. पुढे तो ज्या स्वभावाचा झाला त्याचे एक मूळ तेथे असावे.

नव्या घराण्यापुढे पहिला प्रश्न हक्काचा होता. कुळ नाही, मग कायदा आणा. सीनेटने ठराव करून व्हेस्पॅशियनला अधिकार दिले. या ठरावाचा ब्राँझचा एक पत्रा आजही रोमच्या कॅपिटोलाइन संग्रहालयात आहे. चौदाव्या शतकात कोला दि रिएन्झो याने तो लोकांपुढे आणला. त्यात ऑगस्टस, टायबीरियस आणि क्लॉडियस यांना जे जे करण्याचा अधिकार होता ते ते व्हेस्पॅशियनला करता येईल, असे कलमवार म्हटले आहे. कॅलिग्युला आणि नीरो यांची नावे त्यात नाहीत. राज्याच्या हिताचे त्याला जे वाटेल ते करण्याचा अधिकारही एका कलमात आहे. ज्या राजाला पूर्वज असतात त्याला असा कागद लागत नाही, आणि ज्याला तो लागतो त्याच्यावर तो बंधन घालू शकत नाही. सीनेटने स्वतःच्या हाताने लिहून दिलेली ही आपल्याच अधिकारांची फारकत होती.

दुसरा प्रश्न पैशाचा. राज्य उभे राहावयास चार हजार कोटी सेस्टर्स लागतील असा अंदाज त्याने केला, असे स्युटोनियसच्या हस्तलिखितात आहे. हा आकडा इतका अवाढव्य आहे की काही पंडितांनी त्यातले एक शून्य कमी केले आहे. पण त्या काळी साध्या शिपायाचा वर्षाचा पगार नऊशे सेस्टर्स होता, एवढे लक्षात ठेवले म्हणजे शून्य कमी करूनही खजिन्याची स्थिती कळते. व्हेस्पॅशियनने जुने कर वाढविले, नवे बसविले, सरकारी जमिनींवरची अतिक्रमणे शोधून काढली. कापड धुणारे आणि चामडे कमावणारे लोक सार्वजनिक मुताऱ्यांतले मूत्र नेत, कारण त्यांच्या धंद्यात ते लागते. त्याने त्यावर कर बसविला. टायटस या थोरल्या मुलाला याची लाज वाटली. तेव्हा बापाने पहिल्या हप्त्यातले नाणे त्याच्या नाकापाशी धरले आणि वास येतो का असे विचारले. नाही म्हणताच, अरे, हे तर मुताचेच आहे, असे तो म्हणाला. बिचाऱ्याने एवढी मंदिरे बांधली, पण इटलीत आणि फ्रान्समध्ये पुढे त्याचे नाव रस्त्यावरच्या मुताऱ्यांना मिळाले.

तो कंजूष होता, असा आरोप त्याच्या हयातीतच होत असे. पण पैसा कोठे गेला हे पाहिले पाहिजे. कॅपिटॉलचे देऊळ पुन्हा बांधावयास घेतले तेव्हा पडझडीची पहिली पाटी त्याने स्वतःच्या खांद्यावर वाहिली. आगीत वितळलेल्या तीन हजार ताम्रपटांच्या नकला शोधून पुन्हा कोरविल्या. वक्तृत्वशास्त्राच्या शिक्षकांना सरकारी खजिन्यातून वर्षाला एक लाख सेस्टर्स पगार त्याने प्रथम सुरू केला, आणि स्पेनमधून आलेला क्विंटिलियन हा त्यांतला पहिला मानकरी होता. आमच्या शिक्षकबंधूंनी हा आकडा शिपायाच्या पगाराशी ताडून पाहावा आणि मग दुःख करू नये. एका यंत्रकाराने मोठमोठे खांब थोड्या खर्चात टेकडीवर चढविण्याची युक्ती आणली. व्हेस्पॅशियनने त्याला बक्षीस दिले, युक्ती मात्र वापरली नाही. गरिबांना पोटभर अन्न मिळवू दे, असे त्याचे उत्तर होते. यंत्र आणि मजुरी यांच्या वादात आज कोणीही या बादशहाला आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून बोलवावा.

परंतु या घराण्याच्या बांधकामांचा खरा पैसा मुताऱ्यांतून आलेला नाही. तो जेरुसलेममधून आला. बाप रोमला निघून आला आणि वेढा टायटसच्या हाती राहिला. ७० सालच्या वसंत ऋतूपासून सप्टेंबरपर्यंत तो चालला. आत दुष्काळ आणि आपसांतली भांडणे, बाहेर चार लीजन. ऑगस्टमध्ये मंदिर जळाले, आणि ते पुन्हा कधी उभे राहिले नाही. अकरा लक्ष लोक मेले आणि सत्त्याण्णव हजार कैद झाले, असे जोसेफस लिहितो. मृतांचा आकडा आज कोणी अक्षरशः धरीत नाही, पण आकडा कमी केल्याने त्या घटनेची भीषणता कमी होत नाही. हा जोसेफस स्वतः ज्यू सेनानी. शरण येताना त्याने व्हेस्पॅशियनला तू बादशहा होशील असे भविष्य सांगितले, आणि ते खरे ठरल्यावर त्याला मोकळीक, पेन्शन आणि फ्लेव्हियस हे नाव मिळाले. मंदिर जाळावयाचे टायटसच्या मनात नव्हते, असे तो लिहितो. उलट जाळण्याचा निर्णय टायटसनेच घेतला, असे सल्पिसियस सिव्हेरस या पुढच्या काळातल्या लेखकाने म्हटले आहे. ज्याच्या घरात बसून लिहावयाचे त्याच्याविषयी लिहिलेले किती धरावयाचे, हा प्रश्न मी आता नुसता मांडून ठेवतो. पुढे त्याची दुसरी बाजू येणार आहे.

जगभरच्या ज्यूंना तोवर जेरुसलेमच्या मंदिरासाठी दरसाल वर्गणी द्यावी लागे. व्हेस्पॅशियनने तीच वर्गणी कर म्हणून चालू ठेवली, फक्त ती रोमच्या ज्युपिटरकडे वळविली. जिंकलेल्याचा देव पाडावयाचा आणि त्याच्या भक्तांकडून जिंकणाऱ्याच्या देवाचे देऊळ बांधून घ्यावयाचे! या मनुष्याच्या विनोदांवर मी आताच आपल्याबरोबर हसलो. पण हा हिशोबही त्याच डोक्यातला आहे. रोममधील टायटसच्या कमानीवर सात शाखांची समई खांद्यावर घेऊन चाललेले सैनिक कोरलेले आहेत, ते आजही दिसतात. आणि नीरोने आपल्या सुवर्णमहालासाठी शहराच्या मध्यात जो तलाव केला होता तो बुजवून त्या जागी व्हेस्पॅशियनने पन्नासएक हजार लोक बसतील असे क्रीडागार बांधावयास घेतले, तेच आपले कलोसियम. तेथे एक शिळा आहे. तिच्यावर पूर्वी ब्राँझची अक्षरे बसविलेली होती. अक्षरे गेली, खिळ्यांची भोके राहिली. १९९५ मध्ये अल्फोल्डी या विद्वानाने त्या भोकांवरून मूळ मजकूर जुळविला. ही इमारत लुटीच्या पैशातून बांधली, असे त्यात निघते.

७९ च्या जूनमध्ये व्हेस्पॅशियन वारला. आपण आता देव होत चाललो वाटते, अशी थट्टा त्याने मरणाच्या आजारातही केली, कारण मेलेल्या बादशहाला सीनेट देवत्व देई. बादशहाने उभ्याने मरावे म्हणून उठावयाचा प्रयत्न करताना त्याने प्राण सोडला. प्रेतयात्रेत रिवाजाप्रमाणे एका नटाने त्याचे सोंग घेतले होते. त्या नटाने अंत्यविधीचा खर्च विचारला. एक कोटी, असे उत्तर आले. तेव्हा मला एक लाख द्या आणि टायबर नदीत फेकून द्या, असे तो नट ओरडला, आणि लोकांना खरा राजा दिसला.

टायटसबद्दल मी थोडक्यातच सांगतो. त्याचे राज्यच सव्वादोन वर्षांचे. पोटचा मुलगा बापाच्या मागून बादशहा झाला तो हा पहिला. गादीवर येण्यापूर्वी तो क्रूर आणि विलासी म्हणून बदनाम होता; बेरेनिस नावाच्या ज्यू राणीवर त्याचे प्रेम होते, आणि रोमच्या लोकांना ते खपणार नाही म्हणून त्याने तिला परत पाठविले. त्याच्या पहिल्याच वर्षी व्हेस्यूव्हियसचा स्फोट होऊन पाँपेई आणि हर्क्युलेनियम गाडली गेली. तारीख २४ ऑगस्ट अशी पुस्तकांत असते, पण २०१८ मध्ये पाँपेईच्या एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबरची नोंद सापडल्यापासून तो शरद ऋतू असावा असे मत बळावले आहे. पुढच्या वर्षी रोमला आग लागली आणि साथ आली. त्याच वर्षी, ८० साली, कलोसियमचे उद्घाटन होऊन शंभर दिवस खेळ चालले. ज्या दिवशी कोणावर उपकार केला नाही तो दिवस वाया गेला असे तो म्हणे. तो ८१ मध्ये बेचाळिसाव्या वर्षाच्या आतच गेला. लोकांनी त्याला मनुष्यजातीचा लाडका म्हटले. फार दिवस जगला असता तर काय म्हटले असते, हा प्रश्न रोमनांनाही पडला होता.

व्हेस्यूव्हियसने ज्यांचा बळी घेतला त्यांत थोरला प्लिनी होता, आणि त्याच्यापाशी आपला संबंध येतो. आपला सृष्टिवर्णनाचा प्रचंड ग्रंथ त्याने ७७ साली याच टायटसला अर्पण केला. त्यात त्याने तक्रार केली आहे की हिंदुस्थान दरसाल आपल्या साम्राज्यातून निदान पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. काळी मिरी पौंडाला चार दिनार, पांढरी सात, पिंपळी पंधरा, असे भावही तो देतो, आणि नुसत्या तिखटपणासाठी लोक एवढे पैसे देतात याचा त्याला अचंबा वाटतो. त्याच शतकातल्या एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याच्या वाटाड्या पुस्तकात सोपारा आणि कल्याण ही बंदरे येतात. पैठणहून गोमेदाचे खडे आणि तेरहून कापड गाड्यांवर लादून भडोचला जाते, असेही तो लिहितो. रोमच्या इजिप्तमधील बंदरांत या मालावर शेकडा पंचवीस जकात असे. तेव्हा प्लिनीची तक्रार ऐकून आपण फुशारून जाताना एवढे ध्यानात ठेवावे की, चौथा हिस्सा बादशहाच्या खजिन्यातच पडत होता. आणि मघाशी म्हटली ती मिऱ्यांची वखार रोमच्या मुख्य रस्त्यालगत बांधली डोमिशियनने.

आता डोमिशियन. या घराण्याचा काळा पुरुष तो हाच. बाप आणि भाऊ असेपर्यंत त्याला मान भरपूर आणि काम काही नाही. तिसाव्या वर्षाच्या सुमारास गादी मिळाली आणि त्याने ती पंधरा वर्षे ठेवली. दरबारात मालक आणि देव असे संबोधन त्याच्यासाठी चालू झाले. खोलीत एकटा बसून तो टोकदार लेखणीने माश्या टोचतो, अशी कथा होती. आत कोणी आहे काय असे विचारल्यावर, एक माशीसुद्धा नाही, असे क्रिस्पसने दिलेले उत्तर तेव्हा रोमभर झाले. त्याने एका रात्री सीनेटरांना जेवावयास बोलाविले. भिंती काळ्या, आसने काळी, वाढणारी मुले काळ्या रंगात रंगविलेली, आणि प्रत्येकाच्या पानापाशी त्याच्या नावाची थडग्यासारखी पाटी. पाहुणे घामाघूम होऊन घरी गेले तो मागोमाग बादशहाचे हुजरे आले, आणि आता संपले असे वाटत असता त्यांनी त्या पाट्या हातात दिल्या. त्या चांदीच्या होत्या. ८९ साली सॅटर्निनसने बंड केल्यावर त्याचा संशय वाढत गेला. फिरावयाच्या ओसरीला त्याने आरशासारखा चकचकीत दगड बसविला, म्हणजे पाठीमागचे दिसावे.

आणि तरीही याच डोमिशियनने नाण्यांतली चांदी वाढविली, शिपायाचा पगार नऊशेवरून बाराशेवर नेला, डेशियाशी निष्फळ लढाई लांबविण्याऐवजी तह केला. प्रांतांचे अधिकारी त्याच्या धाकाने जितके सचोटीने वागले तितके पुढे कधी वागले नाहीत, हे त्याला नावे ठेवणाऱ्या स्युटोनियसचेच शब्द म्हणून मी सांगतो आहे. क्लॉडियस बादशहाने पस्तीस सीनेटर मारले, असे हाच लेखक मोजतो, आणि क्लॉडियस देव झाला. डोमिशियनने मारलेले आणि नावानिशी ठाऊक असलेले माजी कॉन्सल सुमारे डझनभर आहेत. मग त्याचेच नाव इतके काळे का?

कारण मारला गेला तो वर्ग लिहिणारा होता. टॅसिटस, धाकटा प्लिनी, हे सारे सीनेटर. टॅसिटस प्रांजळपणे लिहितो की त्याच्या मानमरातबाची सुरुवात व्हेस्पॅशियनने केली, टायटसने ती वाढविली आणि डोमिशियनने आणखी पुढे नेली. ८८ मध्ये तो प्रीटर होता. प्लिनीही याच काळात एकेक पायरी चढला, आणि १०० साली नव्या बादशहापुढे केलेल्या स्तुतिपर भाषणात त्याने मेलेल्या बादशहाला मनसोक्त झोडपले. मार्शल या कवीने डोमिशियन जिवंत असता त्याला आकाशाला पोचविले होते. मेल्यावर त्याने सूर फिरविला. या सर्वांत मी टॅसिटसला वेगळा ठेवतो. सासऱ्याच्या चरित्रात, ९८ साली, त्याने लिहिले आहे की हेल्व्हिडियसला तुरुंगात नेले ते आमच्याच हातांनी. मी मुकाट बसलो होतो, सभागृहात होतो, हे सांगणारा त्या काळात तो एकटाच ऐकू येतो. डोमिशियन चांगला होता असे माझे म्हणणे मुळीच नाही. घाबरलेल्या मनुष्याच्या हाती अनिर्बंध सत्ता आली की काय होते, ते त्याने दाखविले. पण अनिर्बंध सत्तेचा तो कागद त्याच्या बापाला सीनेटने लिहून दिला होता, आणि बापानेही हेल्व्हिडियस नावाच्याच एका सीनेटरला, याच हेल्व्हिडियसच्या जन्मदात्याला, ठार केले होते. विनोदी बापाचे ते कृत्य आपण विसरतो, एवढेच.

निपुत्रिक डोमिशियनने क्लेमेन्स या चुलतभावाची दोन मुले वारस नेमली, त्यांची नावे व्हेस्पॅशियन आणि डोमिशियन अशी बदलली आणि त्यांना शिकवावयास क्विंटिलियनला ठेवले. ९५ साली त्याने त्या मुलांच्या बापालाच मारले. तेव्हा घरातल्या माणसांनी ओळखले की आता कोणीच सुरक्षित नाही. ९६ च्या १८ सप्टेंबर रोजी स्टेफॅनस नावाचा कारभारी हाताला दुखापतीचे फडके गुंडाळून आत गेला, कटाची बातमी म्हणून एक कागद त्याने बादशहाच्या हाती दिला, आणि तो वाचीत असता फडक्यातून सुरा काढला. त्याच दिवशी सीनेटने वृद्ध नर्व्हाला बादशहा केले. शिड्या आणवून भिंतींवरच्या प्रतिमा खाली ओढल्या, शिलालेखांतून नाव छिन्नीने काढावयाचा हुकूम सोडला. डोमिशियनने बांधलेल्या चौकाला नर्व्हाचे नाव मिळाले. रोममध्ये १९३० नंतरच्या दशकात सापडलेल्या एका संगमरवरी पटावर तर डोमिशियनचेच तोंड तासून नर्व्हाचे केलेले आहे. मान आणि केस जुन्याचे, चेहरा नव्याचा. त्या दोन मुलांचे पुढे काय झाले ते कोणी लिहून ठेवलेले नाही.

सैनिक मात्र हळहळले. दुसऱ्या वर्षी त्यांनी नर्व्हाला भाग पाडून मारेकऱ्यांना ठार करविले, आणि घाबरलेल्या नर्व्हाने सैन्याला मान्य होईल असा एक सेनापती दत्तक घेतला. तो ट्राजन. त्याचा बाप जेरुसलेमच्या युद्धात व्हेस्पॅशियनच्या हाताखाली एका लीजनचा नायक होता.

डोमिशियनचे प्रेत एका सामान्य तिरडीवरून नेले. फिलिस नावाच्या त्याच्या दाईने आपल्या शेतावर त्याला अग्नी दिला. मग तिने ती राख गुपचूप फ्लेव्हियन घराण्याच्या देवळात नेली आणि टायटसची मुलगी ज्यूलिया हिच्या राखेत मिसळली. ज्यूलियालाही लहानपणी तिनेच वाढविले होते. राखेतून राख वेगळी काढता येत नाही, म्हणून सीनेटचा हुकूम तेथे चालला नाही.